खिडकीजवळची जागा

(कौसाबाई, विडी कामगार, नगर. त्यांनी सांगितलं तसं.)

माझं माहेर कर्जतकडलं. गावाचं नाव सांगून काय करता, तुमी पाहिलेलं नसल, खडकाळ रान आन बाभळी, चार एकर कोरडवाहू, त्यात ज्वारी झाली तर झाली. मी तिसरी पोर. नाव कौसल्या ठेवलं पन कौसल्या मला कुनी म्हनलं न्हाई, कौसाच. शाळेत दुसरीपत्तूर गेले. वाचाया फार आलं न्हाई, पन आकडे आले, मोजाया आलं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं असं पुढं लई येळा वाटलं मला.

आमच्याकडं बाया खुरपायला जायच्या तवा पात धरायच्या, म्हंजे एकीला एक ओळ, आन सगळ्या सरळ पुढं सरकायच्या. एखादी मागं राहिली, पोटुशी असली, कंबर धरली, तर शेजारची तिच्या ओळीत दोन हात मारायची आन तिला बरोबरीला आनायची. कोन पुढं कोन मागं ह्याचा इचारच नव्हता. मी असल्या कामातून आलेली बाई, ताई. म्हनून पुढचं सांगायला मला माझीच लाज वाटती.

लगीन करून नगरात आले तवा सोळा-सतरा वरसाची असंन. मालक तवा नागापूरला जायचे सायकलवर, तिथं नवे कारखाने निघाले हुते, त्यातल्या एकात ओतकामाला हुते. आमची एक खोली, अशा आठ खोल्यांची ओळ, समोर एक नळ. घरात मी, मालक आन आत्याबाई, म्हंजे सासू. शेजारच्या खोलीत चंद्रा आन तिची म्हातारी आई. चंद्राच्या नवऱ्यानं तिला टाकलेली. ती पाथर्डीकडली, बोलनं जरा येगळं, का म्हनायचं तिथं काहून म्हनायची, आन मला हसू यायचं. ती इडीच्या कारखान्यात जायची. दोन वरसांनी मंदा झाली माझी, ती रांगाया लागल्यावर आत्याबाई म्हनल्या, पोरीला मी बगते, तू बी जा चंद्राबरोबर, घरात बसून काय करतीस.

इडी मला चंद्रानं शिकवली. पान कसं भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कसं कापायचं, तंबाखू किती घ्यायची, दाबायची किती, दोरा कसा मारायचा. मांडीवर सूप घेऊन बसायचं आन वळायचं. पंचवीस इड्यांची एक जुडी. पयल्या महिन्यात माझ्या बोटांची सालं निघाली. चंद्रा माझी बोटं आपल्या हातात धरायची, म्हनायची, अशी, अंगठा असा ने, जोर नको लावू. संध्याकाळी चेकर यायचा, इड्या तपासायचा, वाईट असल त्या बाजूला फेकायचा, त्याला छाट म्हनायचे. माझी छाट लई निघायची. मंग चंद्रा काय करायची, चेकर दुसऱ्या ओळीत असला की आपल्या सुपातल्या पाच-सात इड्या उचलून माझ्या सुपात टाकायची. तीन वरसं आमी एका ओळीत, मांडीला मांडी लावून बसलो. मंदाला चंद्रामावशी म्हनायला तिनंच शिकवलं.

आता जागेचं सांगते, कारन सगळं तिथंच घडलं. कारखाना म्हंजे लांब पत्र्याचा हॉल, साठ-सत्तर बाया, तंबाखूची धूळ अशी की उन्हाच्या पट्ट्यात दिसायची, नाकात, डोळ्यात, अंगावरच्या दुधात सुद्धा वास यायचा. आन एवढ्या हॉलला खिडकी एकच. तिच्याजवळ एका बाईला बसता यायचं. वारा यायचा, उजेड यायचा. आदी ती जागा कुनाची नव्हती. जी पोटुशी असल, जिला खोकला असल, तिला बाया म्हनायच्या, तू बस जा खिडकीत. तवा एक खोकल्याची म्हातारी बसायची.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. तुमी ऐकलं असल. कर्जतकडनं, पाथर्डीकडनं बाया पोरंबाळं घेऊन नगरात आल्या. काई खडी फोडाया गेल्या, काई आमच्या कारखान्याच्या दारात येऊन बसल्या. सकाळी आमी आत जायचो तर दारात पंधरा-वीस बाया उकिडव्या बसलेल्या, आमच्या तोंडाकडं बगत. त्यात माझ्या माहेरच्या बाजूची एक दिसली तर मी पदर पुढं वढून आत गेले. खरं सांगते.

त्याच टायमाला नवा मुनीम आला. तरना माणूस, आवाज चढवायचा न्हाई कदी. त्यानं दाराशी काळा फळा लावला. दर शनिवारी त्यावर वर तीन नावं, ज्यांच्या इड्या जास्ती आन छाट कमी. खाली तीन नावं, ज्यांच्या सगळ्यात कमी. खाली तीन आठवडे नाव लागलं की काम गेलं, दारातल्या बाईला आत घ्यायचं. आन वर पयलं नाव जिचं, तिला पुढचा आठवडा खिडकी. खोकल्याच्या म्हातारीला म्हनला, आजी, जागा कष्टानं मिळवायची असती. म्हातारी सूप उचलून मागं अंधारात जाऊन बसली. आमी साठ बाया हुतो ताई, एकीनं तोंड उघडलं न्हाई. मी बी न्हाई.

दुसऱ्याच शनिवारी माझं नाव वर लागलं. पयलं. मला वाचता येत नव्हतं धड, चंद्रानं वाचून दाखवलं, म्हनली, अगं कौसा, तू हायेस, शिकवलं कुनी बग तुला. हसत हुती. घरी सांगितलं तर मालकांनी भजी आनली, आन आत्याबाईंनी नळावर सगळ्यांना सांगितलं, आमच्या सुनेचं नाव पयलं लागलं, चंद्राचं न्हाई लागलं, एवढी जुनी असून. चंद्रा तिथंच हंडा घेऊन उभी हुती. तिनं ऐकलं. मी बी ऐकलं, आन खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जन्मात कशात पयली आले नव्हते मी.

तिथनं बिगाडलं.

खिडकीत बसले तो आठवडा सुखाचा असायला पाहिजे हुता, पन मला सुख न्हाई. सारखं वाटायचं, मागनं कोन तरी येतंय. चंद्राचा दोरा तुटायचा तो चट आवाज मला ऐकू यायचा, एवढ्या बायांच्या गलक्यात तिचाच. ती एक इडी बांधली की दोरा तोडायची, चट, आन मी मनात मोजायची. माझी किती, तिची किती. पुढल्या शनिवारी तिचं नाव पयलं आलं, माझं दुसरं. त्याच्या पुढल्याला परत माझं. असं चाललं दोन-तीन महिने. आमी बोलायचो, न्हाई असं न्हाई, पन बोलताना एकमेकीच्या सुपाकडं बगायचो. येताजाता बरोबर जायचो ते बंद झालं, मी लौकर निघायला लागले, तर ती त्याच्याहून लौकर.

मी सकाळपासनं पानी पिनं सोडलं, कारन लघवीला उठलं की दहा इड्या जायच्या. दुपारची भाकरी फडक्यात तशीच घरी यायची. रात्री डोळा लागायचा न्हाई, छातीत धडधड व्हायची, आन डोळा लागला तर मालक सांगायचे, तू झोपेत बोटं वळतीस. काईबी मोजायची मी. परातीत भाकरी थापताना थापा मोजायची, नळापासनं दारापत्तूर पावलं मोजायची. एकदा मंदा माझ्या मांडीवर येऊन बसली सुपाच्या जागी, तर मी तिला ढकलली. डोक्याला लागलं तिच्या. मालक म्हनले, कौसा, अगं काय झालंय तुला, ते काम सोड. मी म्हनलं, तुमच्या कारखान्यात न्हाई का साहेब इचारत, शेजारच्यानं किती साचे भरले म्हनून. ते म्हनले, इचारतो, पन मी घरी येताना ते तिथंच ठेवून येतो. मला ठेवता येत नव्हतं.

मंग मंदाला गोवर आला. अंगभर पुरळ, डोळे उघडंनात. दोन दिवस घरी राहिले. तिच्या उशाशी बसले हुते पन चित्त फळ्यावर. तिसऱ्या दिवशी शनिवार. पोरीचं अंग तापलेलं आन मी सूप उचललं. आत्याबाई म्हनल्या, अगं आजचा दिस तरी थांब. म्हनलं, तुमी हायेत की. आन गेले. फळ्यावर चंद्राचं नाव पयलं, माझं कुठंच न्हाई. सोमवारी चंद्रा खिडकीत बसली. मला म्हनली, मंदा कशी हाय गं. साधं इचारलं तिनं. पन मला त्यात दुसरंच ऐकू आलं, मला वाटलं ही हसती. मी मान वळवून पानं मोजायला लागले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. उन्हाळा हुता, सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायचं. रात्री घरी कापलेली पानं आमी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो, म्हंजे नरम राहत्यात. त्या दिशी नळाला पानी उशिरा आलं, चंद्रा रांगेत अडकली, लांब, पाठमोरी. तिची आई आत झोपलेली. तिच्या दारात पानांचं गाठोडं. मी माझ्या दारात उभी हुते. आन मी गेले ताई, दोन पावलं तर हुती. गाठोडं सोडलं, पानं उन्हात पसरली, तिथंच, वट्यावर. आन उभी राहिले. कुनी बगितलं असतं तर काय सांगितलं असतं, ह्याचा इचारसुद्धा नव्हता डोक्यात. पानं वाळली तशी परत गुंडाळली, आन फडक्यावर वरनं पानी शिंपडलं. वरनं वलं, आत कडक. मंग घरात येऊन मंदाला भात भरवला. हात कापत नव्हता माझा. ते आठवलं की अजून भ्या वाटतं.

कारखान्यात चंद्रानं वळायला घेतलं तर पान तडकायला लागलं. एक टाकलं, दुसरं घेतलं, तडकलं. तिनं पानी मारलं, दाबून ठेवली, पन काम थांबलं ते थांबलं. ज्या इड्या झाल्या त्याबी चिरलेल्या. संध्याकाळी चेकरनं तिच्या इड्या तिच्यासमोर मोडल्या, एकएक, आन मुनीम आला, आवाज न चढवता म्हनला, खिडकीचा वारा मानवला न्हाई वाटतं बाईंना. बाया हसल्या. चंद्रानं एक पान उचललं, नाकाला लावलं, उजेडात धरलं, आन खाली ठेवलं. माझ्याकडं तिनं बगितलं न्हाई. त्या एका दिवसाची छाटच एवढी की शनिवारी तिचं नाव खालच्या तिनात. पयल्यांदाच. माझं वर.

मी दोन दिवस बसले त्या खिडकीत. तिसऱ्या दिशी सकाळी इडी वळता वळता उजवा हात मिटला. कसं सांगू, अंगठा असा बोटावर दाबलेला, इडी आतच, आन उघडंना. दुसऱ्या हातानं उघडाया गेले तर येवढी कळ आली की मी सुपासकट खाली पडले. डोळे उघडले तवा घरी हुते. बाया भोवती. हात तसाच.

आत्याबाईंनी आदी एका देवऋषाला आनलं. त्यानं लिंबू उतरवलं आन इचारलं, हिच्यावर कुनी जळतं का. तेवढंच पुरलं बगा. आत्याबाई म्हनल्या, जळतं की, शेजारीच हाय, खिडकीची जागा गेल्यापासनं तिचा चेहरा बगा. दोन दिसांत सगळ्या ओळीत झालं, चंद्रानं करनी केली. टाकलेली बाई, तिच्या बाजूनं बोलाया कोन हाय. बाया तिच्या सावलीला पोरं उभी करनात. तिची आई नळावर आली तर तिचा हंडा मागं सरकवला.

मालकांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीनबाई हुत्या, त्यांनी हात सगळीकडनं दाबून बगितला, मंग मालकांना बाहेर बसवलं आन इचारलं, झोप लागती का, जेवतीस का, कशाचं भ्या वाटतं का, कामावर कुनाचं काय. मी म्हनलं, न्हाई. त्या म्हनल्या, हाताला रोग न्हाई बाई, तुझ्या मनावर लई ताण हाय, तो हातात उतरलाय. मला तवा कळलं न्हाई, ताण म्हंजे काय. पन एवढं कळलं की ह्या बाईला लिंबू-बिंबू लागलं न्हाई, हिनं सरळ माझ्यात बगितलं. गोळ्या दिल्या, पंधरा दिवस काम बंद सांगितलं.

दुसऱ्या दिशी सकाळी नळावर गलका ऐकला. मी दारात आले. चंद्रा हंडा घेऊन रांगेत, आन आत्याबाई तिच्या हंड्याला हात लावून म्हनत्यात, आदी माझ्या सुनेचा हात सोड, मंग पानी भर. चंद्रा नुसती उभी. रडत नव्हती, भांडत नव्हती. म्हनली, काहून, म्या काय केलं. आन एका बाईनं तिचा हंडा पायानं लोटला. रिकामा हंडा गडगडत माझ्या पायाशी आला.

मी गप बसले असते तर कुनाला कळलं नसतं, ताई. ती खोली सोडून गेली असती, आन मला लोकांनी बिचारी म्हनलं असतं. हे मी त्या दोन पळांत समदं मोजलं. मोजायची सवयच लागलेली. पन तोंडातनं निघालं, आत्याबाई, तिनं काई केलेलं न्हाई. तिची पानं म्या वाळवली. गाठोडं सोडून उन्हात म्या पसरली, खिडकी मला पाहिजे हुती म्हनून.

नळ चालू हुता, कुनाची तरी बादली भरून वाहत हुती, आन कुनी बंद करंना. आत्याबाई खाली बसल्या. चंद्रा आली, माझ्या पायाशी पडलेला हंडा उचलला, नळावर गेली, भरला, आन घरात गेली. दार लावून घेतलं.

तुमाला वाटलं असल, सांगितलं आन हात उघडला. तसं न्हाई झालं. हात तसाच राहिला. मालकांना मी घरात परत सगळं सांगितलं, ते सायकल काढून कारखान्यात गेले आन मुनिमाला सांगितलं, त्या बाईचा दोष नव्हता. मुनीम म्हनला, फळ्यावर लिहिलेलं पुसत न्हाई मी, पुढल्या आठवड्यात काम दाखवा. चंद्रानं दाखवलं. तिचं नाव खालनं निघालं. वर मात्र परत कदी लागलं न्हाई, तिनंच लागू दिलं न्हाई असं बाया सांगायच्या, ठरलेलं वळायची आन उठायची.

महिना झाला असल. दुपारची मी मंदाची येनी घालत हुते डाव्या हातानं, उजव्याची दोन बोटं तवा सुटली हुती. चंद्रा आली. उंबऱ्यावर बसली, आत न्हाई आली. म्हनली, तुला एक सांगायचंय, मंग जाते. मंदाला गोवर आला आन तू घरी राहिलीस, तवा मला बरं वाटलं हुतं. मी देवाला म्हनलं नव्हतं पोरीला आजारी पाड, पन पडली तवा मनात आलं, आता दोन दिवस कौसा येत न्हाई. पोरीला बगायलाबी आले न्हाई मी, शेजारी राहून. तू चारचौघीत तुझं सांगितलंस, म्हनून माझं सांगते.

मला आदी असा राग आला की उठून तिला मारावं. माझ्या लेकराच्या दुखन्यावर बरं वाटलं हिला. आन मंग ध्यानात आलं, त्याच लेकराला तापात टाकून मी फळा बगायला गेले हुते. मंदानं चंद्रामावशी म्हनून हाक मारली तर चंद्रानं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, पदर तोंडाला लावला आन गेली.

मी कारखान्यात परत गेले न्हाई. हात सुटला पुरा तवा घरीच पानं आनून वळायला लागले, हळू, दिवसाला होतील तेवढ्या. पुढं पाऊस झाला, गावाकडल्या बाया गावाला गेल्या, दार मोकळं झालं. दारात बायाच न्हाईत तर भ्या दाखवायचं कशाचं. फळा मंग तसाच कोरा राहिला, मुनीमबी दुसरीकडं गेला. ती खोकल्याची म्हातारी मात्र त्याच्या आदीच वारली. ते माझ्या एकटीचं पाप न्हाई, पन माझं बी हाय त्यात.

चंद्राचं आन माझं पयल्यासारखं झालं न्हाई. नळावर बोलायचो, सनासुदीला ताट जायचं-यायचं, बारा वरसं भिंतीला भिंत लावून राहिलो. तिची आई गेली तवा मी रात्रभर बसले. मंदाच्या लग्नात तिनं पुरनपोळ्या केल्या. पन त्या उन्हाळ्याचं आमी दोघींनी परत तोंडातनं काढलं न्हाई. मंग ती भावाकडं पाथर्डीला गेली.

मागच्या वरसी ती वारल्याचं कळलं. मंदा म्हनली, आई, येवढ्या लांब यष्टीनं नको जाऊ, झेपायचं न्हाई. गेले. दहावा झालेला, घर शांत. तिच्या भाच्याची बायको, चांगली पोर हाय, पानी दिलं, बसा म्हनली, आन इचारलं, आजी, तुमी कोन त्यांच्या. मैतरीन म्हनायला मी तोंड उघडलं. शब्द निघाला शेजारीन. ती म्हनली, असं व्हय, त्या शेवटी शेवटी कुनाकुनाची नावं घ्यायच्या, आमाला ठावंच न्हाईत. मी इचारलं न्हाई कुनाची. चहा घेतला आन संध्याकाळच्या गाडीनं आले.

आता काय राहिलं सांगायचं. मंदाचं बरं हाय, नातवंडं शिकत्यात. मी दारात बसते, तांदूळ निवडते, झोप येती तवा झोपते. देवानं त्या बाईला चांगल्या जागी ठेवावं. आन तुमी बी जेवून जा ताई, भाकरी गरम हाय.